चार माठ, चार जागा: लाइव्ह आवाजाच्या कामाच्या नोंदी, ऑगस्ट ते नोव्हेंबर २०२४

४ ऑगस्ट, रविवार

वाडा मिळाला! सदाशिव पेठेतला जुना वाडा आहे, मालकांनी ओसरी, चौक आणि माजघर नोव्हेंबरात दोन आठवडे वापरायला दिलंय, त्यामुळे आता नुसतं बोलणं बंद आणि काम सुरू. काम असं आहे, चार मोठे माठ चार घडवंच्यांवर ठेवायचे, प्रत्येकाच्या तळाशी एक स्पीकर, आणि प्रत्येक माठात एकेका जागेचा आवाज, त्या वेळी तिथे जे चाललंय तेच. खटाव तालुक्यातली मामाची विहीर, धोपाव्याची खाडी, मुंबईत करी रोडचे रूळ आणि न्यू जर्सीत माझ्या मावसबहिणीचं परसदार. येणाऱ्याने वाकून माठाला कान लावायचा, बास. रेकॉर्डिंग एकही नाही.

लाइव्हच का, हे आत्ताच लिहून ठेवते कारण पुढे चारजण विचारणार आहेत. बिल फाँटाना या अमेरिकन कलाकाराने १९९४ मध्ये पॅरिसच्या आर्क द ट्रायम्फवर नॉर्मंडीच्या किनाऱ्याचा आवाज थेट आणून सोडला होता, नॉर्मंडीच्या लढाईला पन्नास वर्षं झाली म्हणून. त्या चौकात गाड्यांचा जो काही गोंधळ असतो तो समुद्राच्या आवाजाखाली दबला, गाड्या पळताना दिसायच्या पण ऐकू यायच्या नाहीत. समुद्राची कॅसेट लावूनही हे झालं असतं. पण आत्ता तिथे लाट फुटतेय आणि मी ती इथे ऐकतोय हे माहीत असलं की माणूस वेगळा उभा राहतो, थांबून ऐकतो, कारण पुढे काय येणार ते कोणालाच माहीत नसतं, कलाकारालाही नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लंडनच्या साउंडकॅम्प मंडळींचं रेव्हेय. २०१४ पासून दरवर्षी मेच्या पहिल्या रविवारच्या आसपास चोवीस तास प्रक्षेपण करतात, पृथ्वीवर पहाट जशी पश्चिमेकडे सरकत जाते तसे ते जगभरातल्या उघड्या माइकांवरून पुढे पुढे सरकत जातात. यंदा मी हेडफोन लावून बसले आणि उठवेना. कुठल्या तरी अनोळखी गावात उजाडतंय, आपण इथे भाजी चिरतोय आणि तिथला पहिला पक्षी ऐकतोय. हे मला आपल्या जागांसाठी करायचंय, आपल्या माणसांच्या जागांसाठी.

११ ऑगस्ट

तापकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सकाळपासून. यूएसबी साउंड कार्ड, पिझो चकत्या (कंप पकडून त्याची वीज करतात त्या), शील्डेड वायर, जेफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर), रझिस्टर, पाणी न शिरणारे डबे, केबल ग्लँड, सगळं एका गल्लीत मिळालं. रास्पबेरी पाय, म्हणजे हातात मावणारे छोटे संगणक, आधीच मागवून ठेवलेत. प्रत्येक जागी एक डबा जाणार, त्यात पाय, साउंड कार्ड, सिमवाला छोटा राउटर आणि लाइट गेली तर चालेल अशी बॅटरी.

डेटाचा हिशोब सोपा आहे. ओपस कोडेकमध्ये, म्हणजे आवाज आक्रसून पाठवायच्या एका पद्धतीत, ६४ केबीपीएसला मोनो आवाज या कामाला भरपूर होतो, सेकंदाला ८ किलोबाइट, म्हणजे दिवसाला साधारण ६९० एमबी. रोज दीड जीबीचं रिचार्ज मारलं की प्रश्न मिटला. डब्याकडून आवाज आइसकास्ट सर्व्हरला (आवाज इंटरनेटवरून वाटणारं सॉफ्टवेअर) जातो आणि वाड्यातला पाय तिथून तो ओढून माठात वाजवतो. डबा स्वतः बाहेर कनेक्ट होतो म्हणून मोबाइल नेटवर्कवर पब्लिक आयपी, बाहेरून गाठता येणारा पत्ता, नसला तरी अडत नाही, गावाकडे हा फार मोठा फायदा.

आवाज काही सेकंद उशिरा पोचतो, त्याचं कारण आज नीट कळलं. आइसकास्ट नवीन ऐकणाऱ्याला सुरुवातीलाच ६४ किलोबाइटचा साठा एकदम देतं, लगेच वाजायला लागावं म्हणून. आपला वेग ८ किलोबाइट, म्हणजे तो साठा झाला आठ सेकंदांचा, आणि तेवढे आठ सेकंद आपण कायम मागे राहतो, प्लेअरचा बफर वेगळाच. ही बर्स्ट साइज कमी करता येते पण मग नेटवर्क जरा लडखडलं की आवाज तुटतो. मी आठ सेकंद ठेवणार आहे. लाइव्ह म्हणजे शून्य सेकंद असं माझं म्हणणं नाहीच, आवाजाला यायला वेळ लागतो, पत्रालाही लागायचा.

१८ ऑगस्ट, मामाकडे

विहिरीत हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, सोडला. विकतचा घेतला नाही, पिझो चकतीला वायर सोल्डर करून एपॉक्सीत बुडवून घरी बनवलाय. पहिल्यांदा थेट साउंड कार्डाला लावला तेव्हा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, खालचा सगळा भाग गायब. याचं कारण पिझोच्या स्वभावात आहे. २७ एमएमच्या चकतीची कपॅसिटन्स साधारण २० नॅनोफॅरड धरली आणि समोर माइकचा इनपुट १० किलोओहमचा असला तर ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरायला लागतं. मध्ये जेफेटचा छोटा बफर (चकती आणि साउंड कार्डामधला टप्पा) टाकला, १ मेगाओहमचा, की तीच मर्यादा ८ हर्ट्झवर जाते. बफर मी सोबत नेलाच होता, मामाच्या गोठ्यात बॅटरीवरची इस्त्रीएवढी गरम होणारी सोल्डर गन घेऊन बसून जोडला, मामी टॉर्च धरून उभी.

आणि मग काय आवाज आला! यंदा पाऊस चांगला झालाय, विहीर भरलेली आहे, वरून बघितलं तर नुसतं हिरवं स्थिर पाणी. आत मात्र कडेच्या दगडातून झिरपणाऱ्या पाण्याचा बारीक टिकटिक असा आवाज, मधेच एक बुडबुडा वर जातो त्याचा, मधेच बेडूक सूर मारतो तो धप्प. मामाने हेडफोन लावला आणि बराच वेळ काढलाच नाही, ‘एवढी वर्सं हिचं पाणी प्यायलो, ही आतनं बोलती ते म्हाईत नव्हतं’ म्हणाला. मग तीन फेज, म्हणजे मोटरला लागणारी लाइट, आली, ऑटो स्विचने मोटर उचलली आणि मामाने दचकून हेडफोन भिरकावलाच. पाणबुडी मोटर, पाण्यातून थेट, जाड सलग घूं. तो मुख्य सूर १०० हर्ट्झचा असतो कारण ५० हर्ट्झच्या करंटमध्ये चुंबकाची ओढ सेकंदाला शंभर वेळा लागते. तोच सूर या माठाचा पाया असणार आहे, हे मी तिथेच ठरवलं.

शेतीची लाइट फिरती आहे, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. म्हणजे माठात मोटर कधी वाजणार हे ते वेळापत्रक ठरवणार. मला हे फार आवडलंय. गावाकडे माणसं रात्री दोनला उठून दारं धरतात, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यात वळवतात, ते शहरात कोणाला ऐकू येत नाही, इथे निदान माठातून येईल.

२६ ऑगस्ट

माइक कुठे लावायचा यावर आठवडा गेला आणि जायलाच हवा होता. उघडा माइक म्हणजे चोवीस तास कान. मामाच्या गावात मला आधी पारावर माइक हवा होता, वडाखाली, तिथे आवाज सुंदर आहे, चिमण्या, सायकलच्या घंट्या, देवळातली घंटा. पण पारावर माणसं बसतात, घरातलं बोलतात, कोणाचं कर्ज, कोणाच्या सुनेचं काय. ते पुण्यात अनोळखी माणसाने ऐकायचा काहीही संबंध नाही. मामीने एका वाक्यात विषय संपवला, ‘बायकांनी मग बोलायचं कुठं?’ म्हणून विहीर, आणि तीही पाण्याखाली. पाण्याबाहेरचं बोलणं पाण्यात फार कमी उतरतं, आवाज बहुतेक सगळा पृष्ठभागावरूनच परत फिरतो.

करी रोडलाही तेच. आतेभावाच्या चाळीत गॅलरीत लावला असता तर शेजाऱ्यांचं सगळं आलं असतं. चाळीच्या मीटिंगमध्ये दादाने विषय मांडला, लोकांनी चांगले प्रश्न विचारले, साठवून ठेवणार का, पोलिसांना देणार का. साठवत नाही, सर्व्हरवर रेकॉर्डिंगची सोयच बंद आहे हे दाखवलं. शेवटी माइक गच्चीवर टाकीच्या मागे, रुळांकडे तोंड करून, वाऱ्यासाठी केसाळ टोपी घालून, आणि जिन्यात मराठी-हिंदीत पाटी लावलीय की वर माइक चालू आहे. उद्या दहीहंडी आहे, बघू टोपी टिकते का.

१९ सप्टेंबर

गणपतीत काम शून्य, पेठेत राहून सोल्डरिंग कोण करणार. टोपी दहीहंडीत टिकली हे लिहायचं राहिलं होतं. काल दिवसभर झोप.

२९ सप्टेंबर

आजचा दिवस माठांचा. केशवनगर मुंढव्याला कुंभारांकडे गेले. मला सुबक माठ नको होते, सुरात बसणारे हवे होते. माठ म्हणजे एक अनुनादक आहे, ठरावीक सुराला स्वतःहून घुमणारी वस्तू, पोटातली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि गळ्यातली हवा वजनासारखी, पोट मोठं तेवढा सूर खाली, तोंड रुंद तेवढा सूर वर. वीस लिटरचा, बारा सेंटीमीटर तोंडाचा माठ साधारण ११० हर्ट्झच्या आसपास बोलतो. रोमन काळात विट्रुव्हियसने नाट्यगृहात काशाची भांडी सुरात लावून बसवायची असं लिहून ठेवलंय, म्हणजे कल्पना दोन हजार वर्षं जुनी आहे आणि आपला घटम तर हातातच आहे.

मी प्रत्येक माठाच्या तोंडाशी तोंड नेऊन खालून वर सूर लावत गेले. बरोबर जागी आलं की माठ एकदम आपला सूर उचलतो, आवाज ओठांवर, हनुवटीवर जाणवतो, हात ठेवला तर माती थरथरते. कुंभारमामा आधी नुसते बघत होते, मग म्हणाले तुम्ही असं करा, आणि बोटाच्या पेराने गळ्याजवळ टिचकी मारून कान लावला. टिचकीने मातीचा सूर कळतो, भाजणीचा, हवेचा नाही, पण त्यांनी त्यावरून जो तडकलेला निघेल असा एक बाजूला काढला तो खरंच गळ्यापाशी केसाएवढा चिरलेला होता. पन्नास वर्षांचा कान आहे तो.

विहिरीच्या माठाला मला बरोबर १०० हवे होते. तेवढा नेमका माठ मिळणं शक्य नाही, म्हणून जरा मोठा घेतला, साधारण ९२ला बोलणारा, आणि पोट भरून सूर वर चढवायचा. पाणी घालून लगेच जमतं, घरी वाटीवाटीने ओतत गेले, फोनवर ट्यूनर लावून, सूर कसा सरळ वर चढत जातो ते ऐकत, शंभरला पोचल्यावर तो माठ आणि मी एकच झालो असं वाटलं. पण माठ पाझरतो, त्यासाठीच तर तो असतो, सकाळपर्यंत सूर उतरलेला. त्यामुळे पाण्याऐवजी धुतलेली कोरडी वाळू. वाळूवर कापड, त्यावर चार इंची स्पीकर तोंड वर करून. आता मोटर लागली की माठ स्वतःहून तिला उचलणार, अँप्लिफायरला जोर लावावा लागणार नाही.

१३ ऑक्टोबर

दसरा काल झाला. आज चारही स्ट्रीम पहिल्यांदा एकत्र, घरात, चार माठ फरशीवर.

धोपाव्याचा डबा आत्याच्या दिराने जेट्टीच्या खांबाला बांधून दिलाय, हायड्रोफोन पाण्यात. आत्याला वाटलं होतं लाटांचा आवाज येईल. येतो तोही, पण पाण्याखाली सगळ्यात मोठा आवाज कोळंबीच्या जातीतल्या एका बारक्या प्राण्याचा असतो, तव्यावर मोहरी तडतडावी तसा, अखंड. एक नांगी फटकन मिटते, पाण्याचा झोत निघून बुडबुडा तयार होतो आणि तो फुटतो त्याचा तो आवाज. उष्ण उथळ समुद्रात सगळीकडे असतो. त्यात मधूनच फेरीबोट येते, तिचं इंजिन लांबून सुरू होऊन सगळी तडतड झाकून टाकतं, मग लोखंडी फळी जेट्टीवर पडते. भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे जाते, त्याप्रमाणे माठ दिवसागणिक बदलतो. हे मी प्रोग्राम करून केलं असतं तर इतकं चांगलं झालं नसतं.

न्यू जर्सीचा माठ सकाळी ऐकावा. आपल्याकडे सकाळचे सात म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. ऑगस्टमध्ये तिथे कॅटिडिड नावाच्या हिरव्या किड्यांनी झाडं डोक्यावर घेतली होती, सुरुवातीच्या टेस्टला कानठळ्या. आता थंडी पडायला लागलीय, ते कमी झालेत, रातकिडे हळू झालेत. थंडीत किड्यांचा वेग खरंच उतरतो. नोव्हेंबरात उद्घाटनाच्या वेळी तिथे काय उरेल माहीत नाही. ताई फोनवर म्हणाली, ‘अगं, तू थोडं आत्ताच रेकॉर्ड करून ठेव ना.’

२७ ऑक्टोबर

हाच मुद्दा आज मोठा झाला. प्रदर्शनाचं काम बघणाऱ्या ताई आल्या होत्या, सगळं मनापासून आवडलं त्यांना, आणि जाता जाता म्हणाल्या की उद्घाटनाला लाइन पडली तर? बॅकअपला प्रत्येक जागेचं तासाभराचं रेकॉर्डिंग ठेव, कोणाला कळणार आहे. आइसकास्टमध्ये यासाठी सोय आहेच, फॉलबॅक माउंट म्हणतात, स्ट्रीम तुटला की ऐकणारा आपोआप दुसऱ्या स्ट्रीमवर जातो आणि मूळ परत आला की परत. दोन ओळी लिहायच्या.

मी नाही म्हटलं. त्यांना त्रास द्यायचा म्हणून नाही, त्यांना रिकाम्या माठाशी उभी राहिलेली माणसं दिसतायत, ती काळजी खरी आहे. पण ज्या दिवशी एका माठात एकदा रेकॉर्डिंग वाजलं त्या दिवसापासून चारही माठांतलं सगळंच कदाचित-रेकॉर्डिंग होतं. मग मामाची मोटर आत्ता लागलीय हे मी कोणाला कशाच्या जोरावर सांगू? कोणाला कळणार नाही हेच तर न करण्याचं कारण आहे, ऐकणाऱ्याकडे तपासायला काही नाही, त्याच्याकडे फक्त माझा शब्द आहे.

रेकॉर्डिंग कमी दर्जाचं असं माझं अजिबात म्हणणं नाही. मुंबईच्या कलाकार शिल्पा गुप्तांचं शंभर माइकचं काम मी २०१८ च्या कोची बिनालेमध्ये बघितलं होतं. अंधारात शंभर माइक वरून लटकलेले, खाली शंभर लोखंडी सळ्या, प्रत्येक सळीत एक कागद खुपसलेला, त्यावर तुरुंगात टाकलेल्या कवींच्या ओळी. माइकमधून आवाज आत जायच्या ऐवजी बाहेर येतो, एक माइक ओळ म्हणतो आणि बाकीचे त्यामागून म्हणतात. शतकानुशतकांमागचे कवी त्यात आहेत. तिथे दुसऱ्याच्या गळ्यातून आलेलं, साठवलेलंच हवं, कारण त्यातली कितीतरी माणसं बोलायला राहिलेली नाहीत. माझा मामा आहे, विहीर आहे, त्यांना आत्ता ऐकता येतं. म्हणून.

रात्री बराच वेळ लिसनिंग पोस्टबद्दल वाचत होते. मार्क हॅन्सन आणि बेन रुबिन यांचं, २००० च्या सुरुवातीच्या वर्षांतलं, दोनशे एकतीस छोट्या स्क्रीनची जाळी, इंटरनेटच्या चॅटरूममध्ये त्या वेळी लोक जे टाइप करतायत ते उचलून त्यावर झळकायचं आणि संगणकाचा आवाज ते वाचायचा. फार गाजलं, २००४ मध्ये आर्स इलेक्ट्रॉनिकाचं गोल्डन निका, डिजिटल कलेतला मोठा पुरस्कार, मिळालं. पण त्या काळच्या चॅटरूम आता कुठे आहेत? लाइव्ह कामाचं आयुष्य दुसऱ्याच्या हातात असतं. केन गोल्डबर्ग आणि मंडळींची टेलिगार्डन, जिथे जगातून कोणीही ब्राउझरवरून रोबोटिक हात हलवून खऱ्या रोपाला पाणी घालायचं, तीही १९९५ ते २००४ चालली आणि बंद झाली. मला वाटतं बंद पडू शकणं हा त्या बागेच्या खरेपणाचाच भाग होता.

५ नोव्हेंबर

भाऊबीज उरकून थेट वाड्यात. विहीर माजघरात, खाडी चौकात, करी रोड ओसरीवर, न्यू जर्सी देवघराच्या शेजारच्या खोलीत. परवा रविवारी अमेरिकेची घड्याळं मागे गेली, आता फरक साडेनऊऐवजी साडेदहा तासांचा, पाटीवर बदल केला.

संध्याकाळी खाडीची लाइन पडली. कोकणात रेंज गेली असेल, आत्याचाही फोन लागेना. मी सवयीने माठापाशी गेले आणि कान लावला, आणि माठ गप्प नव्हता. त्यात लक्ष्मी रोडवरून जाणाऱ्या पीएमपीच्या बसचा खालचा घरघराट होता, माजघरात कोणी फळी सरकवली तो ढुम्म होता, माझ्याच चालण्याचा ठसा होता. स्पीकर बंद, वायर मेलेली, आणि माठ मात्र वाड्याच्या आवाजातला आपल्या सुरापुरता भाग वेचून कानाला देत होता. भौतिकशास्त्र साधंच आहे, अनुनादकाला आवाज आतून आला काय आणि बाहेरून आला काय, तो आपल्या फ्रिक्वेन्सीला उचलतोच. सप्टेंबरपासून मी तोंड लावून हेच तर करत होते.

म्हणजे लाइन पडली की धोपाव्याऐवजी सदाशिव पेठ ऐकू येते, तीही लाइव्ह. ताईंना फोन करून लगेच बोलावलं, त्यांनी कान लावला, बराच वेळ लावला, आणि फॉलबॅकचा विषय त्यांनीच मिटवला. आता फक्त एकच ठरवलंय, प्रत्येक घडवंचीला पोस्टकार्डाएवढी स्लेट, लाइन पडली की आम्ही खडूने वेळ लिहिणार, ‘धोपावे, लाइन नाही, ५:४० पासून’. ऐकणाऱ्याला कळायला हवं तो कुठलं ऐकतोय.

९ नोव्हेंबर, शनिवार, उद्घाटन

गर्दी चांगली. या आठवड्यात मामाकडे रात्रीची लाइट आहे, त्यामुळे दिवसभर विहिरीत मोटर नाही, फक्त झिरपणं आणि बुडबुडे. काहीजण माजघरात येऊन दहा सेकंदांत गेले. काही बसले. न्यू जर्सीच्या माठात सकाळी एक-दोन रातकिडे, अगदी संथ, मोजता येतील इतके. करी रोडला अर्थात सगळ्यात जास्त माणसं, आणि मुंबईतून आलेल्यांना फास्ट आणि स्लो गाडी ऐकून ओळखता येते हे मला नव्याने कळलं, रुळावरचा वेग, ब्रेकचा किरकिराट.

संध्याकाळी आठच्या पुढे वाड्याच्या वॉचमन काकांनी माजघरात कान लावला. ते माण तालुक्यातले. मी काही सांगायच्या आत म्हणाले, ‘ह्यांच्याकडं रातची लाईट हाय व्हय? मंग आता न्हाई लागायची मोटर. धाच्या म्होरं या.’

१४ नोव्हेंबर

काकांनी आता माजघराचा ताबाच घेतलाय, आणि ते माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगतात. लोकांना ते मोटरचा आवाज सांगत नाहीत, मोटर का नाही ते सांगतात. तीन फेज म्हणजे काय, ऑटो स्विच का लावतात, रात्री कांद्याला पाणी देताना बॅटरी तोंडात धरून दारं कशी फोडायची, साप. माणसं गप्प माठाला कान लावून हे ऐकतात. कोणी त्यांना नेमलेलं नाही.

करी रोडच्या माठात सध्या विधानसभेच्या प्रचाराच्या रिक्षा, माइक गच्चीवर असूनही. सगळ्याच पक्षांच्या, एकावर एक. प्रचार सोमवारी संध्याकाळी थांबेल तेव्हा माठ एकदम मोकळा होईल, ते ऐकायला मुद्दाम येणार आहे.

१६ नोव्हेंबर, रात्र

काकांच्या सांगण्यावरून आज वाडा रात्री साडेबारापर्यंत उघडा ठेवला, मालकांनीही लगेच हो म्हटलं. साठ-सत्तर माणसं होती, चौकात बसून चहा. दहा वाजले तरी काही नाही, सव्वादहाला काका माजघरातून बाहेर येऊन नुसते हात वर करून उभे राहिले.

मोटर माठात आली ती आधी कानाला आलीच नाही, घडवंचीच्या लाकडाला आली. मग माठ भरला. नंतर जे झालं ते मला अपेक्षित नव्हतं, वाड्यातला जुना व्होल्टेज स्टॅबिलायझर माजघराच्या कोपऱ्यातच गुणगुणत होता, त्याचाही सूर शंभर, आणि दोघांमध्ये आवाज हळूहळू फुगायला आणि ओसरायला लागला, एका फुगवट्याला चांगलाच वेळ घेऊन. सगळ्या भारताचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, २०१३ च्या शेवटापासून एकमेकांना जोडलेलं आहे, खटावची मोटर आणि सदाशिव पेठेतला स्टॅबिलायझर एकाच ठोक्यावर चालतात. ग्रिड अगदी बरोबर ५० वर कधीच उभं नसतं, बहुतेक वेळ ४९.९ ते ५०.०५ च्या आसपास सतत थोडं हलत असतं, आणि माठातली मोटर निदान आठ सेकंद मागची आहे. त्या मागच्या वेळेतलं ग्रिड आणि आत्ताचं ग्रिड माजघरात एकमेकांवर घासत होते. रेकॉर्डिंग लावलं असतं तरी फुगवटा आला असता, पण तो कुठल्या तरी जुन्या दिवसाशी आला असता. काका म्हणाले आमच्याकडं असाच येतो लांबून, वारा फिरला की. मामाला व्हिडिओ कॉल लावला, तो शेतातच होता, दारं धरत होता, हातात खोरं, त्याला म्हटलं तुझी मोटर इथे वाजतेय, तर म्हणाला वाजू दे, पाटाला पाणी कमी येतंय, मी नंतर बोलतो.

स्टॅबिलायझर मी हलवणार नाही, तोही आता कामाचा भाग.

२४ नोव्हेंबर

काल शेवटचा दिवस, आज आवराआवर. खाडीची लाइन एकूण बरीच वेळा पडली, स्लेटा खडूने पांढऱ्या झाल्यात, त्या पुसणार नाही, तशाच ठेवतेय. न्यू जर्सीत आता किडे संपले, वाळक्या पानांवरचा वारा आणि लांबचा हायवे एवढंच. ताई म्हणते डबा राहू दे, ती स्वतः स्वयंपाक करताना लावते, आपल्याच परसातला आवाज पुण्याच्या सर्व्हरवरून फिरून तिच्याच घरात.

करी रोडचा डबा परत आणायचा, गच्चीचं वॉटरप्रूफिंग सुरू होतंय. खाडीच्या वायरला जेट्टीवर घासून चिरा गेल्यात, नवीन वायर पाइपातून न्यावी लागेल. विहिरीचा डबा तिथेच राहणार, मामाने स्वतःच सांगितलं, रिचार्ज तोच मारणार म्हणतोय. ४ मेला रेव्हेयला विहीर जोडता येते का ते साउंडकॅम्पला लिहून विचारते. तोपर्यंत पाणी खाली जात राहील, त्यामुळे महिन्यातून एकदा हायड्रोफोनची वायर हातभर खाली सोडायची, कुठवर सोडली त्याची खूण कठड्यावर गेरूने करायची आणि मला फोटो पाठवायचा, एवढं मामीला सांगून ठेवलंय.